आर्यभटांची १,५७,७९,१७,५००: एक दहा अंकी संख्या वही-पेन्सिलीने कशी उकलावी

एक अब्ज सत्तावन्न कोटी एकोणऐंशी लाख सतरा हजार पाचशे. आर्यभटांच्या गणितात एका महायुगात, म्हणजे ४३,२०,००० सौर वर्षांत, इतके दिवस असतात. हल्ली कुठलीही मोठी संख्या संगणकात टाकली की तिचे मूळ अवयव, विभाजक, विभाजकांची बेरीज, सगळं क्षणात समोर येतं. पण त्या यादीचं पुढे काय करायचं, हे यादी सांगत नाही. ते समजायला जिला काही काम नेमून दिलेलं आहे अशी संख्या हाती घ्यावी लागते. ही तशी आहे. तिचा एकेक अवयव पंचांगाच्या गणितात कुठे ना कुठे उपयोगी पडतो, आणि हे काम कागदावर करून पाहण्यात फार आनंद आहे.

लागणारं साहित्य म्हणजे वही, पेन्सिल आणि दुकानदार वापरतात तसा बारा अंकी कॅल्क्युलेटर. आठ अंकी कॅल्क्युलेटरमध्ये ही संख्या मावणार नाही, पण तिसऱ्या पायरीपुरता तोही चालेल. दहावीपर्यंतचं गणित पुरेसं आहे. मसावि काढता येत असला की झालं.

पहिली पायरी: संख्या कुठून आली ते पाहा

‘आर्यभटीय’ या आर्यभटांच्या ग्रंथाच्या गीतिकापाद या भागात ही संख्या थेट दिलेली नाही. तिथे दोन वेगळ्या संख्या आहेत: महायुगातले सूर्याचे भगण, म्हणजे पूर्ण फेऱ्या, ४३,२०,००० आणि पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेऱ्या १,५८,२२,३७,५००. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं आर्यभट स्पष्ट मानतात. ताऱ्यांच्या संदर्भाने मोजल्या तर एका वर्षातल्या पृथ्वीच्या फेऱ्या सूर्योदयांपेक्षा बरोबर एकने जास्त भरतात. म्हणून दिवस काढायला वजाबाकी करायची:

१,५८,२२,३७,५०० − ४३,२०,००० = १,५७,७९,१७,५००

या संख्या त्यांनी अक्षरांत बांधल्या आहेत. सूर्याची संख्या आहे ‘ख्युघृ’. ख म्हणजे २, य म्हणजे ३०, घ म्हणजे ४. उकाराचं स्थान दहा हजाराचं, ऋकाराचं दहा लाखाचं. ख आणि य दोघांना उकार आहे, म्हणून २०,००० + ३,००,०००. घ ला ऋकार आहे, म्हणून ४०,००,०००. बेरीज ४३,२०,०००. दोन अक्षरांत सात अंकी संख्या! पृथ्वीच्या फेऱ्यांची संख्याही अशीच सोडवता येते, पण आपल्याला पुढे जायचं आहे.

दुसरी पायरी: सोपे अवयव आधी बाजूला करा

मोठी संख्या दिसली की थेट भागाकार सुरू करू नका. शाळेत शिकलेल्या विभाज्यतेच्या कसोट्या लावा, निम्मं काम त्यातच उरकतं.

शेवटी दोन शून्यं आहेत, म्हणजे १०० ने भाग जातो. उरले १,५७,७९,१७५. शेवटचे अंक ७५, म्हणून २५ ने भाग जातो. उरले ६,३१,१६७. आता शेवटी ७ आहे, तेव्हा २ आणि ५ दोन्ही संपले. अंकांची बेरीज ६+३+१+१+६+७ = २४, म्हणून ३ ने भाग जातो. उरले २,१०,३८९. याच्या अंकांची बेरीज २३, म्हणजे ३ ही संपला.

तीन भागाकारांत दहा अंकी संख्या सहा अंकी झाली. बाजूला काढलेले अवयव: २ × २ × ३ × ५ × ५ × ५ × ५ = ७,५००. हा ७,५०० वहीत चौकटीत लिहून ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

तिसरी पायरी: २,१०,३८९ शी झुंज

खरी मेहनत इथे आहे. या संख्येचं वर्गमूळ ४५८ च्या थोडं पुढे आहे, म्हणून ती मूळ संख्या नसेल तर ४५८ पर्यंतच्या एखाद्या मूळ संख्येने तिला भाग जायलाच हवा.

७, ११ आणि १३ तिघांना एकदम तपासायची युक्ती आहे. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि एक आड एक अधिक-उणे करा: ३८९ − २१० = १७९. आता फक्त १७९ कडे पाहायचं. ७ ने भागून बाकी ४, ११ ने बाकी ३, १३ ने बाकी १०. तिघेही बाद. ३७ साठी गटांची नुसती बेरीज करा, कारण ९९९ ला ३७ ने भाग जातो: २१० + ३८९ = ५९९, ३७ ने भागून बाकी ७. तोही बाद.

बाकीच्या संख्यांना कॅल्क्युलेटर. बाकी काढायची रीत उदाहरणाने सांगतो. २१०३८९ ÷ ४३ केलं तर ४८९२.७६… असं येतं. दशांश चिन्हापुढचं सोडून द्या, ४८९२ × ४३ = २,१०,३५६, आणि २,१०,३८९ मधून वजा करा. बाकी ३३. दशांशातला भाग ४३ ने गुणून बाकी काढायचा मोह टाळा. कॅल्क्युलेटर शेवटचा अंक छाटतो आणि ३२.९९ असं काहीतरी दाखवतो.

अशा रीतीने १७, १९, २३, २९, ३१, ४१, ४३, ४७, ५३, ५९ या क्रमाने बाक्या येतात १४, २, ८, २३, २३, १८, ३३, १७, ३२, ५४. प्रत्येक बाकी वहीत लिहा. ‘भाग जात नाही’ एवढंच लिहिलं तर नंतर शंका आली की सगळं पुन्हा करावं लागतं. मग येतो ६१, आणि भाग बरोबर जातो:

२,१०,३८९ = ६१ × ३,४४९

आता ३,४४९ पुन्हा पहिल्यापासून तपासायचा का? मुळीच नाही. त्याचं वर्गमूळ ५९ च्याही आत आहे. त्याला ५९ पर्यंतच्या कुठल्याही मूळ संख्येने भाग गेला असता, तर त्याच संख्येने २,१०,३८९ लाही गेला असता, आणि ते आपण आताच तपासलं. तेव्हा ३,४४९ मूळ आहे.

१,५७,७९,१७,५०० = २ × २ × ३ × ५ × ५ × ५ × ५ × ६१ × ३,४४९

पडताळा घ्यायला नऊची आणि अकराची बाकी पुरते. मूळ संख्येच्या अंकांची बेरीज ४२, म्हणजे नऊची बाकी ६. अवयवांच्या नऊच्या बाक्या ४, ३, ४ (६२५ ची), ७, २. गुणत गेलात तर शेवटी ६ च येतात. अकराची बाकी दोन्हीकडून ५ येते, ती तुम्ही काढून पाहा.

चौथी पायरी: नेहमीचे गुणधर्म

ही पायरी झटपट होते. घातांकांत एकेक मिळवून गुणाकार केला की विभाजकांची संख्या मिळते: ३ × २ × ५ × २ × २ = १२०. सर्व विभाजकांची बेरीज ७ × ४ × ७८१ × ६२ × ३४५० = ४,६७,७५,६५,२००, म्हणजे संख्येच्या तिपटीहून जराशी कमी. १ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या २ × २ × ५०० × ६० × ३४४८ = ४१,३७,६०,०००. द्विमान पद्धतीत लिहायला ३१ अंक लागतात.

विभाजकांच्या बेरजेचा इथे मला काही उपयोग दिसत नाही. मात्र एक गुणधर्म सुंदर आहे. ६१ = ५² + ६² आणि ३,४४९ = ४०² + ४३². दोन वर्गांच्या बेरजा असलेल्या दोन संख्यांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो, आणि तो दोन रीतींनी मांडता येतो. ब्रह्मगुप्तांच्या ‘भावना’ नावाच्या गुणाकाराच्या रीतीचाच हा प्रकार. त्यावरून २,१०,३८९ = ५८² + ४५५² आणि २५² + ४५८². मूळ दहा अंकी संख्या मात्र अशी मांडता येत नाही, कारण तिच्यात ३ हा अवयव एकदाच आला आहे.

पाचवी पायरी: अवयवांना काम विचारा

इथून पुढचा भाग कुठल्याही तयार यादीत मिळत नाही. मला सगळ्यात मोलाचा हाच वाटतो.

सूर्याचे भगण ४३,२०,००० आणि दिवस १,५७,७९,१७,५०० यांचा मसावि काढा. ४३,२०,००० मध्ये २ आठ वेळा, ३ तीन वेळा आणि ५ चार वेळा आहे. दोन्हींत समान ते २ × २ × ३ × ६२५, म्हणजे चौकटीतला आपला ७,५००. दोन्हींना त्याने भाग दिला की उरतात ५७६ आणि २,१०,३८९. आर्यभटीयावर इ.स. ६२९ मध्ये भाष्य लिहिणारे पहिले भास्कर याच दोन संख्या वापरतात. अशा संक्षेप केलेल्या संख्यांना ते ‘दृढ’ म्हणतात. अर्थ सरळ आहे: ५७६ वर्षांत नेमके २,१०,३८९ दिवस, ना एक घटी (दिवसाचा साठावा भाग) कमी, ना जास्त.

मग वर्ष केवढं? २,१०,३८९ ला ५७६ ने भागून ३६५ दिवस आणि बाकी १४९. या १४९/५७६ दिवसाला ६० ने गुणत चला: १५ घटी, ३१ पळे, १५ विपळे, आणि बाकी शून्य. हिशेब इथे बरोबर संपतो, कारण ५७६ मध्ये २ आणि ३ सोडून दुसरा अवयव नाही आणि ६० × ६० × ६० ला ५७६ ने पूर्ण भाग जातो. तासांत सांगायचं तर ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटं ३० सेकंद. आजच्या मोजमापाप्रमाणे नाक्षत्र वर्ष यापेक्षा साधारण ३ मिनिटं २० सेकंदांनी लहान आहे.

आता चंद्र. त्याचे महायुगातले भगण ५,७७,५३,३३६. या संख्येला १२ ने भाग जातो, उरतात ४८,१२,७७८. ६१ ने करून पाहा: ४८,१२,७७८ = ६१ × ७८,८९८. तिसऱ्या पायरीत एवढ्या कष्टाने सापडलेला ६१ चंद्राच्या संख्येतही आहे! मसावि झाला ७३२, आणि दृढ संख्या ७८,८९८ भगण व २१,५५,६२५ दिवस. भागाकार केला तर चंद्राची एक फेरी २७.३२१६७ दिवसांची येते. आजचा आकडा २७.३२१६६.

सूर्याचे २,१०,३८९ दिवस म्हणजे ६१ × ३,४४९, आणि चंद्राचे २१,५५,६२५ म्हणजे ६२५ × ३,४४९. सूर्याच्या संक्षेपात पाचांचे घात गेले, चंद्राच्या संक्षेपात ६१ गेला. ३,४४९ दोघांकडेही तसाच शिल्लक राहतो. मंगळ (२२,९६,८२४), गुरू (३,६४,२२४) आणि शनी (१,४६,५६४) यांच्या भगणांतही तो नाही. दिवसांच्या संख्येशी मंगळ आणि गुरू दोघांचाही मसावि १२ आहे, शनीचा अवघा ४.

या ४ कडे नीट पाहा. आर्यभट महायुगाचे चार सारखे भाग करतात, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांचे. तीन भाग संपले की कलियुग सुरू होतं आणि त्या क्षणी सर्व मध्यम ग्रह, म्हणजे सरासरी गतीने काढलेल्या ग्रहांच्या जागा, मेषारंभी एकत्र असतात. पाव युगात प्रत्येक ग्रहाच्या फेऱ्या पूर्ण व्हायच्या असतील तर भगणांना ४ ने भाग जायलाच हवा, आणि वरच्या सगळ्या संख्यांना तो जातो. चंद्राच्या उच्चाचे (कक्षेतल्या पृथ्वीपासून सर्वांत दूरच्या बिंदूचे) भगण ४,८८,२१९ आहेत, त्यांना ४ ने भागून बाकी ३. तीन पाव युगांत तिची तिप्पट ९, म्हणजे ४ ने भागून पुन्हा १, पाव फेरी. म्हणून कलियुगाच्या आरंभी उच्च मेषारंभी नसून ९० अंशांवर येतं. पाताचे (चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाला छेदते त्या बिंदूचे) भगण २,३२,२२६, बाकी २, तिप्पट ६, म्हणजे पुन्हा २, अर्धी फेरी, म्हणून पात १८० अंशांवर. चारने भाग जातो की नाही, या साध्या कसोटीतून आकाशातली जागा कळते.

सहावी पायरी: वार काढा

सातची बाकी म्हणजे वार. पुन्हा १००१ ची युक्ती. संख्येचे गट १, ५७७, ९१७, ५००. उजवीकडून ५०० − ९१७ + ५७७ − १ = १५९, आणि सातने भागून बाकी ५. म्हणजे महायुग संपल्यावर वार पाच घरं पुढे जातो.

पाव युगाचे दिवस ३९,४४,७९,३७५. गट ३९४, ४७९, ३७५, म्हणून ३७५ − ४७९ + ३९४ = २९०, सातची बाकी ३. तीन पावांची ९, म्हणजे २. आर्यभटांच्या मते युगाचा आरंभ बुधवारी सूर्योदयाला झाला. बुधवारच्या पुढे दोन दिवस म्हणजे शुक्रवार. कलियुगाचा आरंभदिन शुक्रवारच आहे, ज्युलियन गणनेने इ.स.पूर्व ३१०२ मधला १८ फेब्रुवारी.

आणखी एक पडताळा घ्या. आर्यभट सांगतात की कलियुगाची साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० वर्षं झाली तेव्हा माझी तेवीस वर्षं पूर्ण झाली होती. ३,६०० मध्ये ५७६ सहा वेळा बसतात आणि १४४ उरतात, म्हणजे ५७६ चा बरोबर पाव भाग. म्हणून दिवस = २,१०,३८९ ची सहापट १२,६२,३३४ आणि पाव ५२,५९७.२५, एकूण १३,१४,९३१.२५. वारासाठी ९३१ − ३१४ + १ = ६१८, सातची बाकी २. शुक्रवारनंतर दोन, रविवार. उरलेला पाव दिवस म्हणजे १५ घटी. सूर्योदयापासून १५ घटी म्हणजे भर दुपार. तारीख येते २१ मार्च ४९९, रविवार, मध्यान्ह.

सातवी पायरी: कुट्टक

समजा, सूर्याच्या पूर्ण फेऱ्या किती झाल्या ते माहीत नाही. चालू फेरीचे २,१०,३८९ पैकी किती भाग झाले, तेवढंच माहीत आहे. त्यावरून दिवस, म्हणजे अहर्गण, काढायचा. अशा प्रश्नांना लागणारी कुट्टकाची रीत आर्यभटांनी दिली, आणि पुढे भास्कराचार्यांच्या लीलावतीतही तिचं स्वतंत्र प्रकरण आहे.

२,१०,३८९ ला ५७६ ने भागा, मग ५७६ ला बाकीने, असं करत जा. भागाकार येतात ३६५, ३, १, ६, २, ४, २. मी ते वरून खाली असे वापरतो: दोन ओळींपासून सुरुवात, (१, ०) आणि (३६५, १). पुढची प्रत्येक ओळ म्हणजे भागाकार गुणिले आधीची ओळ, अधिक तिच्या आधीची.

३ ने: १,०९६ दिवस, ३ वर्षं
१ ने: १,४६१ दिवस, ४ वर्षं
६ ने: ९,८६२ दिवस, २७ वर्षं
२ ने: २१,१८५ दिवस, ५८ वर्षं
४ ने: ९४,६०२ दिवस, २५९ वर्षं
२ ने: २,१०,३८९ दिवस, ५७६ वर्षं

दुसरी ओळ ओळखीची वाटेल: चार वर्षांत १,४६१ दिवस, आपल्या लीप वर्षाचं चक्र. शेवटची ओळ मूळ संख्यांवर आली की आकडेमोड बरोबर झाली असं समजा. आपल्याला तिच्या आधीची ओळ हवी. ५७६ × ९४,६०२ हा गुणाकार २५९ × २,१०,३८९ पेक्षा नेमका एकने जास्त आहे. म्हणजे ९४,६०२ दिवसांनी सूर्याच्या २५९ फेऱ्या होऊन पुढे एक भाग झालेला असतो.

आता झालेले भाग १०० दिले असतील तर ९४,६०२ ला १०० ने गुणा आणि २,१०,३८९ ने भागा. ९४,६०,२०० मधून ४४ पट वजा जाते आणि उरतात २,०३,०८४. हाच अहर्गण. पडताळा: २,०३,०८४ × ५७६ भागिले २,१०,३८९, भागाकार ५५६ आणि बाकी १००.

रोजच्या पंचांगासाठी एवढ्या मोठ्या संख्या बाळगणं जिकिरीचं होतं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी इ.स. १५२० च्या ग्रहलाघवात अकरा वर्षांचं ४,०१६ दिवसांचं चक्र घेऊन अहर्गण लहान ठेवला. पद्धतीमागचा विचार समजायला मात्र आर्यभटांची मोठी संख्याच घेऊन बसावं.

सरावासाठी

सूर्यसिद्धान्तात महायुगाचे दिवस १,५७,७९,१७,८२८ आहेत. फरक फक्त ३२८ दिवसांचा, वर्षामागे साडेसहा सेकंदांचा. पण हीच रीत लावून पाहा. ४ ने भाग जातो, उरतात ३९,४४,७९,४५७. ही संख्या विषम आहे, अंकांची बेरीज ५२ आहे म्हणून ३ नाही, आणि शेवटी ७ आहे म्हणून ५ ही नाही. ४३,२०,००० शी मसावि अवघा ४. आर्यभटांच्या गणितात वर्ष आणि दिवस ५७६ वर्षांनी पुन्हा जुळतात. इथे त्यासाठी १०,८०,००० वर्षं थांबावं लागतं. घटी-पळांचा हिशेबही विपळांवर संपत नाही, पुढे चालू राहतो.

३९,४४,७९,४५७ चे अवयव शोधताना ७, ११, १३ लगेच बाद होतील: ४५७ − ४७९ + ३९४ = ३७२, आणि बाक्या १, ९, ८. त्यापुढे मात्र वर्गमूळ १९,८६१ पर्यंत जातं आणि वाटेत दोन हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत, तेव्हा इथे कॅल्क्युलेटर ठेवून संगणक सुरू करा.